बारा पांढरे झगे

गाणाऱ्या माणसाच्या छातीचं माप घ्यायचं असेल तर आधी त्याला सांगावं लागतं, श्वास भर आणि धरून ठेव. मग टेप फिरवायची. साध्या माणसाचं माप कसंही घेतलं आणि दोन बोटं सैल ठेवली की भागतं. गाणाऱ्याचं नाही भागत. तो वरच्या सुराला गेला की बरगड्या उघडतात आणि काखेतली शिवण सुटते, तीसुद्धा भर उपासनेत, सगळी मंडळी समोर बसलेली असताना. हे मला कुणी शिकवलं नाही. मी सातवी शिकलेली. शिवणाचा क्लास नेवाशाला केला, तोही अर्धा, कारण लग्न ठरलं. बाकीचं सगळं मशीनवर बसल्या बसल्या आलं.

तर आधी माझं काम काय होतं ते सांगते. दुबईत अल क्वोज म्हणून गोदामांचा आणि गॅरेजांचा भाग आहे, फिरायला आलेली माणसं तिकडं फिरकत नाहीत. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये मी एकवीस वर्षं शिवलं. हॉटेलांमध्ये नाचगाण्याचे शो असतात ना, त्यांचे कपडे आमच्याकडं व्हायचे. मे महिन्याच्या उन्हात आम्ही सांताक्लॉजचे कोट बेतायचो. आमचे सुपरवायझर रफीकभाई, श्रीवर्धनचे. कटर आणि टेलर मिळून पाच पुरुष आणि बाई मी एकटी. म्हणून बायकांची मापं माझ्याकडं. प्रत्येक नाचणारीचं एक कार्ड असायचं. छाती, कंबर, उंची, बाही, सगळे रकाने, आणि शेवटचा रकाना केसांचा. केसांचा कशाला, असं मीही पहिल्यांदा विचारलं होतं. तर काही नाचांत डोक्यावरचा पिसांचा मुकुट केसांतच गुंफून बसवतात आणि केस मोकळे हलले पाहिजेत असं करारातच लिहिलेलं असतं. केस किती लांब, हा तिथं नोकरीचा भाग.

एका वर्षी कंपनीनं नवीन शो आणला. ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडं, पॅसिफिक महासागरात, टोंगा, सामोआ अशी लहान लहान बेटं आहेत. त्या सगळ्या लोकांना मिळून पॉलिनेशियन म्हणतात. मलाही हा शब्द तेव्हाच कळला. अकरा जण आले. धिप्पाड माणसं, आमच्या टेप अपुऱ्या पडल्या. सिओने नावाचा एक ढोलवाला होता, त्याच्या छातीला मी दोन टेपा जोडून लावल्या तेव्हा रफीकभाई म्हणाले, "रत्नाताई, ह्याला शर्ट नको, तंबू शिवा." सिओनेला भाषा कळली नाही पण हसणं कळलं, तोही हसला.

त्यांच्यातली मेले म्हणून तिशीची मुलगी, टोंगाची, ती त्यांची पुढारी. मेले म्हणजे आपली मेरी. केस कमरेखाली. तिच्या कार्डावर तो आकडा मी माझ्या हातानं लिहिला. तिचं इंग्रजी चांगलं, माझं मोडकं, म्हणून आमचं बोलणं मी इथं मराठीतच लिहिते. मी तिला रॅफियाचा, म्हणजे ताडाच्या वाळल्या पात्यांचा, घागरा घालून स्टुलावर उभी केली होती, तोंडात टाचण्या धरून खालची कड बघत होते, आणि ती वरती गुणगुणत होती. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून दुसऱ्या मुलीनं खालचा सूर धरला. मग सिओनेनं त्याच्याही खालचा. कुणी कुणाकडं बघितलं नाही, खूण केली नाही. चालीवरून मी ओळखलं, हे आपल्या देवळातलंच गीत आहे. आमच्या नगर जिल्ह्यात आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. माझे वडील मास्तर होते आणि एकतारीवर प्रभूचं कीर्तन करत गावोगाव जायचे. तीच चाल मी त्यांच्या तोंडून अभंगाच्या ठेक्यात ऐकलेली. मी टाचण्या काढल्या आणि मराठीत पुढची ओळ म्हटली. मेले स्टुलावरून खाली उतरली, घागऱ्यासकट.

"आंटी, तुम्ही आमच्यातल्या?"

"मी नेवाशाची," मी म्हटलं. तिला काय कळणार नेवासा.

मग ती बसून बोलायला लागली. घरी रविवारी ते तीन तीन वेळा देवळात जायचे. सगळं गाव चार आवाजांत गातं, पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. "इथं आल्यापासून आम्ही रोज नाचतो आणि लोक फोटो काढतात," ती म्हणाली. "त्यांना वाटतं आम्ही आगीभोवती नाचणारी माणसं. आम्ही प्रार्थना करतो हे ह्या देशात एकालाही माहीत नाही."

"मग ऐकव की."

"कुठं, आंटी?"

हा प्रश्न खरा होता. इथला नियम सरळ आहे. देवळांसाठी दिलेल्या कंपाउंडच्या आत पाहिजे तेवढी उपासना करा, बाहेर रस्त्यावर प्रचार करायचा नाही. जमीन इथल्या राज्यकर्त्यांनीच दिलेली, त्याबद्दल आम्ही दर आठवड्याला प्रार्थनेत त्यांचं नाव घेतो. पण कंपाउंड एक आणि भाषा वीस. मल्याळी, तमिळ, उर्दू, फिलिपिनो, आफ्रिकेतल्या कितीतरी. एकेक हॉल तासातासानं वाटलेला. आमच्या मराठी मंडळीला मागच्या बाजूचा लहान हॉल, दीड तास. मी आमच्या सेक्रेटरींकडं गेले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात.

"रत्नाबाई," ते म्हणाले, "दीड तासातला अर्धा तास ह्यांना दिला तर आपलं काय राहिलं?"

"तासभर राहतो की."

"प्रवचनच सव्वा तास चालतं."

"त्याचंच म्हणतेय मी," मी म्हटलं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, तिथंच उभे होते. ते बिचारे देवमाणूस, म्हणाले, देऊन टाका. अशा रीतीनं आमचा क्वायर, म्हणजे मिळून गाणाऱ्यांचा गट, सुरू झाला, मराठी प्रवचनातून अर्धा तास बेतून काढून.

अकरा ते आणि बारावी मी. मला गाता येतं असं मी कधी म्हटलं नव्हतं, पण मेलेनं माझा आवाज ऐकून मला अल्टोत उभं केलं. अल्टो म्हणजे बायकांचा खालचा आवाज. माझी नात परवा विचारत होती, "आजी, व्हॉट डू यू इव्हन डू देअर?" तिला म्हटलं, बाई गं, चाल दुसरे गातात, मी एका सुरावर घट्ट उभी राहते, तंबोऱ्यासारखी. त्यांचं स्वरलेखन आकड्यांचं. आपला सा म्हणजे त्यांचा तीन. एकपासून का नाही असं विचारलं तर मेले म्हणाली, शिकवणाऱ्यांनी तसंच शिकवलं. जुन्या चादरीवर काळ्या मार्करनं आकडे लिहून ती चादर ती आमच्या वर्कशॉपमध्ये कपड्यांच्या दांडीवर टांगायची. जेवणाच्या सुट्टीत सराव. रफीकभाई दार लोटून घ्यायचे आणि म्हणायचे, "मी नमाज पढून येतो, तोवर तुमचं आटपा, यल्ला." कधी लवकर आले तर बाहेरच उभे राहायचे, संपेपर्यंत.

झग्यांचा रंग ठरवताना वाद झाला. त्यांना पांढराच पाहिजे. आमच्या बायकांना पटेना. भाऊसाहेबांच्या मिसेस शालिनीवहिनी म्हणाल्या, "बारा जणं पांढऱ्यात उभी राहिली की दवाखान्याचा स्टाफ वाटेल." शेवटी पांढरं पॉपलीन आणि निळी कॉलर ठरली. काखेत खोल कापलेले, गळा सैल, पाठीत दोन चुण्या श्वासासाठी. माझ्या एवढ्या वर्षांच्या शिवणात तेवढं सरळ काम मी दुसरं केलं नाही. शोच्या कपड्यांना लांबून चांगलं दिसायचं असतं, आतून कसेही चालतात. हे झगे मी आतूनही पक्के शिवले.

आणि त्याच दिवसांत मी ती चूक केली.

टोंगाच्या लोकांत देवळात जाताना कमरेला केवड्याच्या पात्यांची विणलेली चटई गुंडाळतात, काथ्याच्या दोरीनं बांधतात. ताओवाला म्हणतात तिला. देवापुढं, थोरांपुढं उभं राहायचं तर ती पाहिजेच. मेलेनं तिची घरून आणलेली चटई माझ्याकडं दिली, दोरीचा फास सैल झाला होता, तेवढा टाका घालायला. तिच्या आजीची होती ती. रंग चहासारखा झालेला आणि कडा सगळ्या विस्कटलेल्या, धागे लोंबत होते. मी दोरी नीट केली. मग मला राहवेना. एवढ्या प्रेमाची वस्तू आणि अशी चिंध्या झालेली. मी चारी बाजूंनी लोंबणारे धागे कापले, कड सरळ केली आणि झग्यांच्या कॉलरचाच निळा गोट लावून दिला. दोन दिवसांचं काम. हातानं केलं, कारण मशीनच्या सुईनं पातं चिरतं. कापलेलं सगळं केरात गेलं.

मेलेनं ती हातात घेतली, उलटसुलट बघितली. सरळ केलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग मला मिठी मारून म्हणाली, "थँक यू, आंटी." त्यानंतर दर रविवारी ती तीच बांधून यायची आणि मी आपली शेजारच्या बायकांना दाखवायची, गोट कसा बसलाय बघा.

पहिल्यांदा आम्ही उभे राहिलो तेव्हा समोर आमचीच तीस-चाळीस माणसं. सिओनेनं डोळे मिटले, मेलेनं एकटीनं पहिली ओळ उचलली आणि बाकीचे मागून आले. भिंतींना धक्का बसल्यासारखं वाटलं मला. दुसऱ्या कडव्याला दार उघडलं. बाहेर दुसऱ्या उपासनेहून परतणारी माणसं थांबली होती, मल्याळी नर्सा, फिलिपिनो मुली लेकरं कडेवर घेऊन, एक आफ्रिकन सिक्युरिटी गार्ड टोपी हातात धरून. शब्द कुणालाच कळत नव्हते. तरी कुणी हललं नाही. पुढं पुढं आमचा तो शेवटचा अर्धा तास लोक येऊन उभे राहून ऐकायला लागले, मग भाऊसाहेबच खुर्च्या मांडायला लागले. मेले म्हणायची, प्रवचन सांगायला भाषा लागते, आमच्याकडं ती इथं नाही, पण गाणं आहे. वर्कशॉपमध्ये घागरा घालून स्टुलावर उभी असलेली मुलगी ती हीच का, असं वाटावं इतकी ती त्या हॉलमध्ये वेगळी दिसायची.

दोन वर्षं असं चाललं. मग एका मंगळवारी सिओने एकटाच वर्कशॉपला आला. मेलेचे वडील वारले होते. गावाकडं, बोटीतून उतरले आणि तिथंच खाली बसले.

तिला रजा चार दिवसांची मिळत होती. डिसेंबर होता, शोचा हंगाम. तिच्या बेटावर पोचायला दोन दिवस आणि वर लहान विमान मिळालं तर, नाही तर बोट. मातीला तर ती पोचतच नव्हती. सगळ्यांनी ठरवलं, रविवारी क्वायर तिच्या वडिलांसाठी गाईल. तेच तिचं मातीला जाणं.

सिओने जायला निघाला आणि दारात थांबला. मोठा माणूस, पण सांगताना जमिनीकडं बघत होता.

"आंटी, एक सांगू का? रागावू नका. घरातलं माणूस गेलं की आम्ही फाटकी चटई बांधतो. जितकी जवळची व्यक्ती, तितकी फाटकी. मेलेची चटई तिच्या आजीनं स्वतःच्या आईच्या मयताला बांधली होती, मग मेलेच्या आईनं आजीच्या. ते धागे त्या दिवसांचे होते."

मी मशीनवरून उठले. "मग तिनं मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही दोन दिवस खपून दिली होती. कसं सांगणार?"

एवढी वर्षं कापड हातात आलं की आधी विचारायचं, कशासाठी पाहिजे, कधी घालणार, हे मी नवीन मुलांना शिकवत आले. आणि तिथं मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, फाटलेलं म्हणजे शिवायचं. त्या दिवशी मेलेच्या खोलीवर जाऊन मी चटई मागून घेतली आणि सगळा गोट उसवला. कापलेले धागे काही परत आले नाहीत. सरळ कड राहिली आणि माझ्या टाक्यांची भोकं. मी तिला म्हटलं, "मेले, मला माफ कर." ती म्हणाली, "आंटी, माझ्या मुलीला सांगेन, ही भोकं कुणाची ते." मुलगी तिला तेव्हा नव्हती, अजूनही नाही. पण असं म्हणाली.

रविवारी उपासनेच्या आधी मी हॉलच्या शेजारच्या खोलीत झगे वाटत होते. मेले काळ्या कपड्यांत खुर्चीवर बसली होती, कमरेला चटई, केस मोकळे. सिओने आणि बाकीचे भिंतीला लागून उभे. सिओने म्हणाला, "आंटी, तुमची कात्री आणली का?"

मी म्हटलं, "आणली की. कशाला पाहिजे?"

तेव्हा त्यानं सांगितलं. बाप गेला की लेकरांचे केस कापतात आणि ते कापायचा मान बापाच्या बहिणीचा. आत्याचा. आपल्याकडं आत्याचा मान बारशाला असतो, नाव तीच ठेवते. त्यांच्यात मयतालाही तीच पुढं. मेलेची आत्या तिकडं बेटावर. "इथं आमच्यात वयानं मोठी बाई तुम्हीच," सिओने म्हणाला. "तुम्ही आत्याच्या जागी उभ्या राहा."

मी कात्री पिशवीतच दाबून धरली. मला तिचं कार्ड दिसत होतं, शेवटचा रकाना. करार काय आहे हे त्या खोलीत मला सगळ्यांत जास्त माहीत होतं. आखूड केसांच्या मुलीला त्या शोमध्ये जागा नव्हती आणि शो गेला की व्हिसा गेला. मी मेलेपाशी खाली बसले.

"टोकं कापते," मी म्हटलं. "चार बोटं. रीत पण होईल आणि काम पण राहील. देवाला कळतं गं सगळं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती. "वडिलांना चार बोटं, आंटी?"

"मेले, तू इथं आहेस म्हणून तर हा क्वायर आहे. तू गेलीस तर काय?"

"मी हॉटेलातल्या लोकांसमोर रोज कोण असते ते तुम्हीच शिवता," ती म्हणाली. "आज मी माझ्या वडिलांची मुलगी आहे. एक दिवस."

चटईचं झालं नसतं तर मी अजून वाद घातला असता. मला वाद घालता येतो, भाऊसाहेबांना विचारा. पण जे कापायचं नव्हतं ते मी तिला न विचारता कापलं होतं, आणि आता ती स्वतः सांगत होती तर मी कोण नाही म्हणणार?

कापडाच्या कात्रीनं केस कापू नयेत, धार जाते, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. कुणी माझ्या कात्रीनं कागद जरी कापला तर मी दिवसभर बोलायचे नाही. त्या दिवशी माझ्याकडं तीच होती. मी तिचे केस मुठीत धरले. दाट होते, ओले दोर धरल्यासारखे. मेलेनं श्वास आत घेतला आणि धरला. मी कानाच्या खाली कात्री लावली. एका झटक्यात कापले जात नाहीत, चावत चावत जावं लागलं. सिओने त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, हळू, प्रार्थनाच असणार. शेवटची बट तुटली तेव्हा मेलेची मान एकदम वर आली, हलकी झाल्यासारखी. केस माझ्या हातात राहिले, आणि ते कुठं ठेवावेत हे मला सुचेना, म्हणून मी ते माझ्या झग्याच्या ओच्यात घेतले.

मग आम्ही गायलो. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. एवढंच सांगते की पहिली ओळ नेहमीप्रमाणं मेलेनंच उचलली, एकटीनं, आणि आवाज कुठं हलला नाही. हलला तो सिओनेचा. शालिनीवहिनी पहिल्या रांगेत होत्या, त्या उभ्या राहिल्या, मग सगळा हॉल उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी रफीकभाईंनी मला ऑफिसात बोलावलं. शोच्या मॅडमचा फोन येऊन गेला होता.

"मेलेचे केस कुणी कापले?"

"मी."

"तुम्ही? करार माहीत असून?"

मी सांगितलं सगळं. ते बराच वेळ टेबलावरचं खडूचं पाकीट फिरवत राहिले. "मय्यताच्या गोष्टीत मी बोलणार नाही," ते म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा मी इथंच होतो, खबर आली आणि मी ह्याच टेबलावर शंभर युनिफॉर्म मोजून दिले. पण मॅडमला मी काय सांगू, रत्नाताई?"

"मी विग करून देते म्हणून सांगा."

मी केला तो विग. तीन दिवस खपून, बाजारातले केस आणून, जाळीवर एकेक झुपका बांधून. समोरून बघितलं तर खराच वाटायचा. पण त्यांचा नाच असा की मान झटकली की केसांनी पाठीवरून लाटेसारखं जायला हवं, आणि विग काही लाटेसारखा जाईना, एक क्षण उशिरा जायचा. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी हंगाम संपेपर्यंत मेलेला मागच्या रांगेत चालवून घेतलं. मार्चमध्ये करार संपला तो वाढवला नाही. खलास.

मी स्वतःला अजून विचारते. चार बोटंच कापायला हवी होती का? नोकरी राहिली असती, क्वायर तिच्या हातात राहिला असता, ती घरी पैसे पाठवत राहिली असती. मेलेला मी हे एकदा बोलून दाखवलं. आम्ही दोघी अल नहदाला माझ्या घरी बसलो होतो, ती जाण्याआधीच्या आठवड्यात. ती म्हणाली, "आंटी, तुम्ही कापलेत, पण मान मी खाली घातली होती." एवढंच. मग विषय बदलून ती वडिलांच्या कबरीबद्दल सांगायला लागली. तिकडं कबरीवर पांढरी वाळू पसरतात आणि डोक्याच्या बाजूला लाकडाची चौकट करून तिच्यावर मोठी रंगीत गोधडी टांगतात. घरातल्या बायका मिळून शिवतात. तिच्या वडिलांची अजून झाली नव्हती, आईचे डोळे गेले होते.

गोधडी म्हटल्यावर मी काय गप्प बसणार? पण ह्या वेळी आधी विचारलं. कशी असते, किती मोठी, रंग कोणते, कडेला गोट चालतो का. ती हसली. म्हणाली, गोट चालतो.

आमच्याकडं गोधडी घरातल्या माणसांच्या जुन्या कपड्यांची होते. तिच्या वडिलांचं इथं काहीच नव्हतं. मग मी क्वायरच्या लोकांना विचारलं. झग्यांच्या कॉलरी पिवळ्या पडल्या होत्या, नवे शिवायचेच होते. बारा जणांनी बारा झगे आणून दिले, मेलेनंही तिचा दिला. मी ते उसवून पाठी आणि पुढचे भाग काढले, निळ्या कॉलरींचे चौकोन केले. शालिनीवहिनी आणि आमच्या मंडळीतल्या चार बायका शनिवारी माझ्या घरच्या हॉलमध्ये फरशीवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत धावदोरा घातला. वहिनी म्हणाल्या, "दवाखान्याचा स्टाफ म्हणाले होते मी." आणि त्यांनीच सुईत दोरा ओवून घेतला. माझ्याकडं ठेवलेल्या तिच्या केसांसाठी मी एक साधी पिशवी शिवली, तोंडाला नाडी. मेलेनं ती गोधडीच्या घडीत ठेवली आणि दोन्ही बरोबर नेलं.

ह्याला आता काही वर्षं झाली. मी रिटायर झाले, मुलाच्या व्हिसावर राहते. क्वायर सिओने चालवतो. त्याचा गुडघा गेला, त्यानं शो सोडला, आता एका शाळेत खेळ शिकवतो. क्वायरमध्ये आता विसाच्या वर माणसं आहेत, त्यांत दोन मल्याळी नर्सा आणि तो टोपीवाला गार्डसुद्धा. माझा तंबोरा अजून चालू आहे. गोधडी टांगल्यावर मेलेनं मला व्हिडिओ पाठवला होता. समुद्र, पांढरी वाळू, वाऱ्यानं हलणारी गोधडी, आणि मेले, केस खांद्याला टेकलेले. ती तिथल्या देवळात क्वायर शिकवते. एक मराठी गीत तिनं त्यांना चार आवाजांत बसवून दिलं आहे, उच्चार ऐकवत नाहीत, पण चाल अगदी माझ्या वडिलांची.

मागच्या महिन्यात तिचा निरोप आला. वारा खारा आहे, पांढरं कापड विरलं, तिकडं अशी विरलेली गोधडी उतरवतात आणि तिच्या जागी नवी लावतात. मला काही मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, आई, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, आता पुरे. मी हो म्हटलं आणि क्वायरच्या ग्रुपवर लिहिलं, जुने झगे आणा. काल सिओनेनं त्याचा आणून दिला. काखेत उसवलाय, पण पाठ चांगली निघेल.